औषधनिर्माता (किरकोळ औषधविक्री)

किरकोळ औषधविक्रीतील औषधनिर्माता (प्रचलित नाव : फार्मासिस्ट) म्हणजे औषधांच्या दुकानात डॉक्टरांच्या चिठ्ठीनुसार औषध तपासून, मोजून व समजावून रुग्णाच्या हाती देणारी नोंदणीकृत व्यक्ती होय. भारतात हे काम औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० व त्याखालील १९४५ चे नियम, तसेच फार्मसी अधिनियम, १९४८ यांनी नियंत्रित केले आहे. डॉक्टरांचा निर्णय आणि रुग्णाचे औषध घेणे यांमधील ही शेवटची तपासणी असते. येथे निसटलेली चूक सहसा थेट रुग्णाच्या घरी पोहोचते.

नाव व व्याप्ती

‘औषधनिर्माता’ हे शासकीय मराठीतील रूढ नाव आहे. प्रत्यक्षात दुकानातील औषधनिर्माता आज क्वचितच औषध तयार करतो. कारखान्यात तयार झालेले औषध योग्य व्यक्तीला, योग्य मात्रेत व योग्य सूचनांसह देणे हे त्याचे मुख्य काम आहे. बोलीभाषेत दुकानाला ‘मेडिकल’ आणि दुकानदाराला ‘केमिस्ट’ किंवा ‘मेडिकलवाला’ म्हणतात. मात्र दुकानाचा मालक, गल्ल्यावरील मदतनीस आणि नोंदणीकृत औषधनिर्माता या तीन वेगळ्या व्यक्ती असू शकतात. कायद्याने चिठ्ठीवरील औषध देण्याचा अधिकार केवळ औषधनिर्मात्याला, किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली काम करणाऱ्याला आहे.

१९४५ च्या नियमांनी दुकानांच्या नावांतही भेद केला. औषधनिर्मात्याची आवश्यकता नसलेल्या परवानाधारकाने ‘ड्रगस्टोअर’, औषधनिर्माता असूनही मिश्रणे तयार न करणाऱ्याने ‘केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स’ आणि चिठ्ठीनुसार औषध बनवून देण्याची सोय असणाऱ्याने ‘फार्मसी’ अशी पाटी लावावी, असा तो भेद होता.

इतिहास

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात औषध देण्याचे काम प्रामुख्याने ‘कंपाउंडर’ करीत. डॉक्टरांच्या दवाखान्यातच चूर्णाच्या पुड्या बांधल्या जात आणि पातळ मिश्रणाच्या बाटलीवर मात्रेच्या खुणा कापलेली कागदाची पट्टी चिकटवली जाई. या कामासाठी देशभर समान असे शिक्षण किंवा नोंदणी नव्हती. भेसळयुक्त व कमअस्सल औषधांच्या तक्रारींनंतर १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमण्यात आली. औषधांवर कायदेशीर नियंत्रण आणि औषधनिर्माण व्यवसायाचे नियमन या दोन्हींची गरज समितीने मांडली. १९३२ साली बनारस हिंदू विद्यापीठात प्रा. महादेवलाल श्रॉफ यांच्या पुढाकाराने औषधनिर्माणशास्त्राचे विद्यापीठीय शिक्षण सुरू झाले. पुढे १९४० चा औषध अधिनियम व १९४८ चा फार्मसी अधिनियम संमत झाला आणि १९४९ मध्ये भारतीय फार्मसी परिषद स्थापन झाली.

तयार गोळ्या, कॅप्सूल व बाटलीबंद औषधे सर्वत्र मिळू लागल्यावर मिश्रण करण्याचे कौशल्य मागे पडले. त्याची जागा चिठ्ठी तपासणे, साठवण, कायदेशीर नोंदी आणि रुग्णाला सल्ला देणे या कामांनी घेतली.

शिक्षण व नोंदणी

नोंदणीसाठी किमान पात्रता औषधनिर्माणशास्त्र पदविका (डी.फार्म.) ही आहे. विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झाल्यावर हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यानंतर ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. महाराष्ट्रात पदविकेच्या परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेते. चार वर्षांची पदवी (बी.फार्म.) घेतलेल्यांनाही नोंदणी मिळते. पदविकाधारकांसाठी नोंदणीपूर्वी निर्गम परीक्षेची तरतूद २०२२ च्या विनियमांनी केली. नोंदणी राज्याच्या फार्मसी परिषदेकडे होते. महाराष्ट्र व गोवा या दोन्ही राज्यांच्या स्वतंत्र परिषदा आहेत.

दुकानाचा परवाना मात्र वेगळा असतो. तो महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासन देते. सर्वसाधारण किरकोळ विक्रीसाठी नमुना २० व २१ मधील, तर अनुसूची ‘एक्स’मधील औषधांसाठी नमुना २०-एफ मधील परवाना लागतो. किरकोळ दुकानाची जागा किमान १० चौरस मीटर असावी लागते. फार्मसी व्यवसाय विनियम, २०१५ नुसार औषधनिर्मात्याने कामावर असताना पांढरा कोट व नाव-नोंदणी क्रमांक असलेली पट्टी वापरणे, तसेच रुग्णाला समुपदेशन करणे अपेक्षित आहे.

दैनंदिन कामे

माल उतरवणे व मांडणी

घाऊक विक्रेत्याकडून आलेला माल बिलाशी ताडून पाहणे हे दिवसातील पहिल्या कामांपैकी एक असते. औषधाचे नाव, प्रमाण (उदा. २५० मि.ग्रॅ. की ५०० मि.ग्रॅ.), बॅच क्रमांक, मुदत, छापील किंमत व नग तपासले जातात. फुटलेल्या बाटल्या, पुसट छपाई किंवा फुगलेली पाकिटे बाजूला काढली जातात. थंड साखळीतील औषधे बर्फाच्या पेटीतून आली आहेत की नाही, हे पाहून ती सर्वप्रथम फ्रिजमध्ये ठेवली जातात.

मांडणीचा सर्वमान्य नियम ‘ज्याची मुदत आधी संपते ते आधी बाहेर’ असा आहे. म्हणून नवा माल मागे व जुना पुढे ठेवतात. औषधावर केवळ महिना व वर्ष छापलेले असल्यास मुदत त्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत धरली जाते. मुदत संपलेले औषध विकणे नियमबाह्य आहे. असा माल विक्रीच्या फळ्यांवरून काढून ‘विक्रीसाठी नाही’ अशी खूण असलेल्या वेगळ्या जागी ठेवला जातो व घाऊक विक्रेत्याकडे परत पाठवला जातो.

साठवण

इन्सुलिन, बहुतेक लसी आणि काही डोळ्यांचे थेंब २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागतात. फ्रिजचे तापमान नियमितपणे नोंदवले जाते. इन्सुलिन गोठले तर ते निरुपयोगी होते. त्यामुळे ते बर्फाच्या कप्प्याजवळ किंवा फ्रिजच्या मागील भिंतीला टेकवून ठेवत नाहीत. वीजपुरवठा वारंवार खंडित होणाऱ्या भागांत हा प्रश्न विशेष गंभीर असतो, कारण उष्णतेने निकामी झालेले इन्सुलिन नेहमीच दिसण्यावरून ओळखता येत नाही.

‘३० अंशांखाली ठेवा’ किंवा ‘२५ अंशांखाली ठेवा’ या वेष्टनावरील सूचना विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात वातानुकूलनाशिवाय पाळणे कठीण जाते. कोकणात पावसाळ्यातील आर्द्रता ही अडचण असते. ओलावा शोषणाऱ्या गोळ्या त्यामुळे मूळ पाकिटातून आधीच काढून ठेवत नाहीत.

औषधचिठ्ठी वाचणे

चिठ्ठी हाती आल्यावर प्रथम ती वैध आहे का, हे पाहिले जाते. नियमांनुसार चिठ्ठी लेखी असावी, तिच्यावर डॉक्टरांची सही व तारीख असावी आणि रुग्णाचे नाव-पत्ता, औषधाचे एकूण प्रमाण व मात्रा नमूद असावी. डॉक्टरांनी पुन्हा देण्याबाबत लिहिले नसेल, तर तीच चिठ्ठी दुसऱ्यांदा वापरता येत नाही. औषध दिल्यावर चिठ्ठीवर दुकानाचे नाव, पत्ता व तारीख नोंदवावी लागते.

डॉक्टर मात्रा लिहिताना लॅटिन शब्दांची संक्षिप्त रूपे वापरतात. नेहमीची काही रूपे पुढीलप्रमाणे :

– ओडी : दिवसातून एकदा
– बीडी : दिवसातून दोनदा
– टीडीएस : दिवसातून तीनदा
– क्यूआयडी : दिवसातून चार वेळा
– एचएस : रात्री झोपताना
– एसी : जेवणापूर्वी
– पीसी : जेवणानंतर
– एसओएस : गरज भासल्यास
– स्टॅट : ताबडतोब

यांतील काही रूपे संदिग्ध आहेत. ‘ओडी’चा सर्वसाधारण अर्थ दिवसातून एकदा असा असला, तरी नेत्रतज्ज्ञाच्या चिठ्ठीत तो ‘उजवा डोळा’ असाही असतो. महाराष्ट्रात ‘१-०-१’ (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) ही पद्धतही प्रचलित आहे. औषधे घटकनामाने, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावीत, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये केला. अक्षर लागत नसल्यास अंदाज न करता डॉक्टरांना दूरध्वनी करणे, हा या व्यवसायातील मूलभूत दंडक आहे.

औषध काढणे, मोजणे व देणे

औषधाचे नाव फळीवरून काढताना, मोजताना किंवा कापताना आणि रुग्णाच्या हाती देताना असे तीनदा वाचण्याची जुनी शिस्त आहे. गोळ्यांची पट्टी कापताना बॅच क्रमांक व मुदत छापलेला भाग शेवटपर्यंत शिल्लक ठेवतात. अन्यथा उरलेल्या गोळ्यांची ओळख राहत नाही. सुट्या गोळ्या कागदी पाकिटात घालून त्यावर नाव व मात्रा लिहून देतात.

सूचना रुग्णाच्या भाषेत देणे हे स्वतंत्र कौशल्य मानले जाते. वाचता न येणाऱ्यांसाठी पाकिटावर सूर्य-चंद्राच्या खुणा करणे किंवा सकाळ-रात्रीच्या गोळ्या वेगवेगळ्या रंगांच्या पाकिटांत देणे असे उपाय केले जातात. पाण्यात कालवून तयार केलेले प्रतिजैविकाचे औषध किती दिवस चालेल (अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाचे मिश्रण फ्रिजमध्ये साधारण सात दिवस), डोळ्यांचे थेंब उघडल्यावर कधी टाकून द्यावेत (सामान्यतः एक महिन्याने), इन्हेलर कसा ओढावा, या गोष्टी येथेच सांगितल्या जातात. शेवटी रुग्णाकडून सूचना पुन्हा म्हणवून घेतल्यास गैरसमज लगेच लक्षात येतो.

कायदेशीर वर्गवारी व नोंदी

कोणते औषध कसे विकावे, हे मुख्यतः १९४५ च्या नियमांतील अनुसूचींवरून ठरते.

अनुसूची ‘एच’ : ही औषधे केवळ नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या चिठ्ठीवर विकता येतात. वेष्टनावर ‘आरएक्स’ ही खूण व तशी सूचना असते.

अनुसूची ‘एच-१’ : प्रतिजैविकांच्या बेसुमार वापराला आळा घालण्यासाठी २०१३ मध्ये अधिसूचित झालेली ही अनुसूची १ मार्च २०१४ पासून लागू झाली. तिच्यात प्रारंभी ४६ औषधे होती. वरच्या पिढीची प्रतिजैविके, क्षयरोगावरील औषधे आणि अल्प्राझोलाम, झोल्पिडेम, ट्रॅमॅडॉल, कोडीन यांसारखी सवय लावू शकणारी औषधे तिच्यात मोडतात. वेष्टनावर लाल चौकटीत सूचना असते. डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध व नग यांची वेगळ्या वहीत नोंद करून ती वही तीन वर्षे जपावी लागते.

अनुसूची ‘एक्स’ : केटामीन, मिथाइलफेनिडेट आदी औषधे कुलुपात ठेवावी लागतात. चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात व एक प्रत दुकानात दोन वर्षे ठेवावी लागते.

अनुसूची ‘के’ : काही सवलती या अनुसूचीत आहेत. एक हजारांपेक्षा जास्त लोकसंख्या नसलेल्या खेड्यांत काही घरगुती औषधे ठरावीक अटींवर विनापरवाना विकता येतात.

मार्च २०१८ च्या अधिसूचनेनुसार क्षयरोगाची औषधे देणाऱ्या दुकानांनीही अशा रुग्णांची माहिती शासनाला कळवणे बंधनकारक झाले. त्यामुळे एच-१ वही ही केवळ तपासणीपुरती न राहता सार्वजनिक आरोग्याचे साधन बनली.

बिलावर बॅच क्रमांक नोंदवण्याचे महत्त्व दूषित औषधांच्या घटनांतून अधोरेखित होते. जानेवारी १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलिन ग्लायकॉलने दूषित झालेल्या ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले. या प्रकरणाच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमला गेला. एखादी बॅच सदोष ठरल्यास ती कोणाला विकली गेली, हे शोधण्यासाठी बॅच क्रमांकाची नोंद हाच मुख्य दुवा असतो. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० प्रमुख नाममुद्रांच्या वेष्टनांवर क्यूआर कोड छापणे सक्तीचे आहे. तो तपासून औषधाचा तपशील पडताळता येतो.

आवश्यक ज्ञान

मात्रेची गणिते

लहान मुलांच्या औषधांत चुकांची शक्यता अधिक असते. पॅरासिटामॉलच्या थेंबांत प्रत्येक मिलीलिटरमध्ये १०० मि.ग्रॅ., तर नेहमीच्या सिरपमध्ये प्रत्येक ५ मिलीलिटरमध्ये सुमारे १२५ मि.ग्रॅ. औषध असते. १० किलो वजनाच्या बाळाला प्रतिकिलो १५ मि.ग्रॅ. या हिशेबाने १५० मि.ग्रॅ. द्यायचे असल्यास ते थेंबांच्या बाटलीतून दीड मिलीलिटर, तर सिरपमधून ६ मिलीलिटर होते. सिरपचे माप लक्षात ठेवून थेंबांची बाटली वापरली, तर बाळाच्या पोटात ६०० मि.ग्रॅ., म्हणजे चौपट औषध जाते.

इन्सुलिनबाबत असाच धोका आहे. भारतात प्रतिमिलीलिटर ४० एककांच्या कुप्या व १०० एककांची काडतुसे आणि कुप्या असे दोन्ही प्रकार मिळतात. ४० एककांच्या सिरिंजचे टोपण लाल, तर १०० एककांच्या सिरिंजचे नारिंगी असते. १०० एककांचे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरल्यास प्रत्यक्षात ५० एकके शरीरात जातात. रक्तातील साखर अशा वेळी जीवघेण्या पातळीपर्यंत उतरू शकते. कुपी व सिरिंज यांची जोडी तपासणे म्हणूनच अनिवार्य मानले जाते.

संधिवातासाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतल्यास अस्थिमज्जेवर परिणाम होऊन मृत्यू ओढवू शकतो. हे औषध देताना वार ठरवून तो पाकिटावर ठळक लिहिण्याची पद्धत आहे.

नामसाधर्म्य

सारखी दिसणारी किंवा ऐकू येणारी नावे हा चुकांचा मोठा उगम आहे. कार्बिमॅझोल (थायरॉइडचा विकार) व कार्बामाझेपिन (अपस्मार), हायड्रॉक्सिझिन (ॲलर्जी) व हायड्रॅलाझिन (रक्तदाब), मेटफॉर्मिन (मधुमेह) व मेट्रोनिडॅझोल (जंतुसंसर्ग) या जोड्या नमुन्यादाखल सांगता येतील. फळ्यांवर अशी औषधे शेजारी न ठेवणे हा सोपा उपाय आहे. मलेरियावरील ‘फाल्सिगो’ व ‘फाल्सिटॅब’ या नाममुद्रांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली असे तत्त्व मांडले की, औषधांच्या नावांतील गोंधळ जिवावर बेतू शकतो. म्हणून तेथे नामसाधर्म्याची कसोटी इतर वस्तूंपेक्षा अधिक कडक असली पाहिजे.

परस्परक्रिया व निषिद्ध प्रसंग

एकाच रुग्णाला दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या असल्यास त्या एकत्र पाहण्याची संधी बहुधा औषधनिर्मात्यालाच मिळते. हृदयविकारातील नायट्रेट औषधांसोबत सिल्डेनाफिल घेतल्यास रक्तदाब धोकादायक रीतीने उतरतो. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमॅरॉलसोबत काही वेदनाशामके घेतल्यास रक्तस्राव होऊ शकतो. थायरॉक्सिन व लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या यांत काही तासांचे अंतर ठेवावे लागते. डेंग्यूची शंका असलेल्या तापात ॲस्पिरिन व आयबुप्रोफेन टाळतात. निमेसुलाइड १२ वर्षांखालील मुलांना देण्यास भारतात २०११ पासून बंदी आहे. अनपेक्षित दुष्परिणाम आढळल्यास तो २०१० साली सुरू झालेल्या भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे कळवता येतो.

किंमत व पर्यायी औषध

औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ नुसार अनुसूचित औषधांची कमाल किंमत राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरण ठरवते. या सूत्रात किरकोळ विक्रेत्यासाठी १६ टक्के नफा गृहीत धरला जातो. छापील किमतीपेक्षा जास्त आकारता येत नाही. सुट्या गोळ्यांची किंमतही पट्टीच्या प्रमाणातच घ्यावी लागते.

चिठ्ठीवर एखादी नाममुद्रा लिहिलेली असेल आणि औषध अनुसूची ‘एच’, ‘एच-१’ किंवा ‘एक्स’मधील असेल, तर तेच घटक असलेले दुसरे औषधही परस्पर देण्यास १९४५ च्या नियमांनी मनाई केली आहे. २००८ साली सुरू झालेल्या जनऔषधी योजनेमुळे स्वस्त जेनेरिक औषधे उपलब्ध झाली. तथापि या मनाईमुळे रुग्ण स्वस्त पर्याय मागतो तेव्हा औषधनिर्माता कायदा व रुग्णाची ऐपत यांच्या कात्रीत सापडतो. चिठ्ठी घटकनामाने लिहिलेली असल्यास किंवा डॉक्टरांकडून ती बदलून घेतल्यास हा पेच सुटतो.

समस्या

नोंदणीकृत औषधनिर्मात्याची दुकानातील अनुपस्थिती ही या क्षेत्रातील जुनी समस्या आहे. काही ठिकाणी औषधनिर्मात्याचे प्रमाणपत्र ‘भाड्याने’ घेऊन केवळ भिंतीवर लावले जाते व औषधे अप्रशिक्षित मदतनीस देतात. दुकान सकाळपासून रात्रीपर्यंत उघडे राहते आणि औषधनिर्माता मात्र एकच असतो, ही व्यावहारिक अडचण विक्रेत्यांकडून मांडली जाते.

चिठ्ठीविना प्रतिजैविके किंवा झोपेच्या गोळ्या मागणारे ग्राहक हा दुसरा प्रश्न आहे. डॉक्टरांचे शुल्क वाचवण्यासाठी अनेक जण थेट दुकानात येतात. नकार दिल्यास ग्राहक शेजारच्या दुकानात जातो. प्रतिजैविकांच्या अर्धवट वापराने जंतू औषधांना दाद देईनासे होतात व त्याची किंमत पुढे इतर रुग्णांना मोजावी लागते. प्रतिजैविकांच्या पट्टीवरील लाल रेघ ओळखावी, यासाठी केंद्र शासनाने २०१६ मध्ये जनजागृती मोहीम हाती घेतली.

इतर देशांतील स्थिती

अमेरिका व ब्रिटनमध्ये औषधनिर्मात्याच्या हाताखाली ‘फार्मसी टेक्निशियन’ हा प्रशिक्षित वर्ग काम करतो. चिठ्ठी संगणकात नोंदवणे, गोळ्या मोजणे, लेबल लावणे, विमा दावे हाताळणे व साठा तपासणे ही कामे तो करतो. अमेरिकेत अंतिम तपासणी व रुग्णसमुपदेशन सर्वसाधारणपणे औषधनिर्मात्याकडे राहते. तेथे या वर्गासाठीचे प्रमाणन मंडळ १९९५ साली स्थापन झाले. ब्रिटनमध्ये २०११ पासून टेक्निशियनची नोंदणी सक्तीची आहे. भारतात किरकोळ दुकानांतील मदतनिसांसाठी अशी वेगळी वैधानिक नोंदणी नाही. त्यांची कामे विदेशी टेक्निशियनसारखीच असली, तरी त्यांची जबाबदारी कायद्याने औषधनिर्मात्यावरच असते.

हेही पहा

फार्मसी अधिनियम, १९४८
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य
जेनेरिक औषध
प्रतिजैविक-रोध